चौथी फेज मुकी: ७७५ बोर्ड, नोंद तिसरी

७७५ सॉकेटचा हा मदरबोर्ड लोडवर बंद पडतो. मागच्या नोंदीत मी छाती ठोकून लिहिलं होतं, दोष कपॅसिटरचाच. दोन फुगलेले दिसले म्हणून अख्खी रांग बदलली. बोर्ड जैसे थे. बायोसमध्ये तासभर निवांत बसतो, पण प्रोसेसरला पूर्ण राबवणारं प्राइम९५ लावलं की मिनिटभरात गप्प, पंख्यासकट.

सॉकेटमध्ये कोअर २ क्वाड क्यू६६०० प्रोसेसर आहे, ९५ वॅटवाला. १.२५ व्होल्टला ९५ वॅट म्हणजे ७६ अँपिअर. २ किलोवॅटचा गीझर ९ अँपिअरसुद्धा ओढत नाही! एवढा करंट एकाच वाटेने, १ मिलिओहममधून नेला तर ५.८ वॅट नुसती उष्णता होते. तशाच चार वाटा (यांनाच फेज म्हणतात) केल्या तर प्रत्येकीत १९ अँपिअर आणि चारही मिळून दीड वॅटसुद्धा नाही. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्याचा हा फायदा.

प्रत्येक फेजच्या चोकवर (करंट सलग ठेवणारी कॉइल) थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून हलका लोड दिला. तीन चोक ६० अंशांच्या आसपास, सॉकेटच्या कोपऱ्यातला, चौथ्या फेजचा, ३९. म्हणजे त्यातून करंटच जात नव्हता. तिथेच कपॅसिटरवरचा संशय संपला. हे महिनाभर आधी करायला हवं होतं.

मग ऑसिलोस्कोप. एका फेजच्या दोन मॉस्फेटमधला (इलेक्ट्रॉनिक स्विच; वरचा १२ व्होल्टला जोडतो, खालचा जमिनीला) सांधा पाहिला: ४ मायक्रोसेकंदांत एकदा १२ व्होल्टवर उडी, ०.४ मायक्रोसेकंद तिथे, मग खाली. म्हणजे २५० किलोहर्ट्झ आणि दहा टक्के वेळ चालू. १२ चे साधारण १.२ व्होल्ट असेच होतात. दुसरी फेज १ मायक्रोसेकंद मागे, तिसरी आणखी १. रहाटगाडग्यासारखं: गाडगी एकेक करून ओततात, पाटात पाणी मात्र सलग. चौथ्या सांध्यावर सरळ रेघ, १.२ व्होल्टला. शून्य नाही, हे महत्त्वाचं. खालचा मॉस्फेट शॉर्ट असता तर सगळं आउटपुटच जमिनीला बसलं असतं. इथे वरचा-खालचा दोन्ही बंद, आणि चोकच्या पलीकडचा व्होल्टेज तेवढा दिसतोय.

कंट्रोलरकडून ड्रायव्हर आयसीकडे (मॉस्फेट चालू-बंद करणारी चिप) पल्स मात्र येत होते, उलट शेजाऱ्यांपेक्षा रुंद. या फेजमधून करंट कमी येतोय म्हणून बिचारा कंट्रोलर तिला जास्त वेळ चालू ठेवू पाहत होता.

म्हणजे ड्रायव्हर उपाशी. त्याच्या १२ व्होल्टच्या वाटेत २.२ ओहमचा रेझिस्टर; एका टोकाला १२, दुसऱ्याला जवळपास काहीच नाही. भिंगाखाली कडेला केसाएवढी चीर आणि शेजारी बोर्डावर ओरखडा. हीटसिंक बसवताना कुणाचा तरी स्क्रू-ड्रायव्हर घसरला असणार. नवा लावण्याआधी ड्रायव्हरचा सप्लाय पिन जमिनीशी मोजला, शेजारच्याइतकाच आला. म्हणजे आयसी शाबूत. भंगार बोर्डावरून तसाच रेझिस्टर काढला, दोन डाग दिले.

चारही चोक आता तीन अंशांच्या फरकात. प्राइम९५ सहा तास चाललं. रिपल (आउटपुट व्होल्टेजमधली थरथर) आधी ४८ मिलिव्होल्ट होता, आता १९. (पहिल्यांदा १२० दिसला होता, तो प्रोबच्या लांब ग्राउंड वायरचा प्रताप. टोकाला स्प्रिंग लावूनच मोजा.)

लोडवर व्होल्टेज १.२६ वरून १.२० ला उतरतो, त्याने घाबरू नका. करंट साधारण ६० अँपिअरने वाढला, म्हणजे १ मिलिओहमचा उतार. तो मुद्दाम ठेवलेला असतो: लोड अचानक सुटला की व्होल्टेज वर उसळतो, त्या उसळीला जागा लागते.

पुढचा बोर्ड टेबलावर आलाय. खोक्यावर '८ फेज', चोकही आठ, पण कंट्रोलर चारचाच दिसतोय. मध्ये डबलर (एका फेजचे पल्स आळीपाळीने दोघींना वाटणारी चिप) आहेत की दोन-दोन चोक एकाच पल्सवर जोडलेत, ते रविवारी स्कोप लावून बघतो.