आमची वाटचाल: कल्प, काढा आणि परवाना

आमचा शतावरी कल्प, म्हणजे शतावरीच्या मुळीचा काढा साखरेत आटवून केलेला, दुधात घालून घ्यायचा दाणेदार कल्प, आजही कल्हईच्या पातेल्यातच होतो. मुळी सोलून मधली शीर काढायची, काढा चौथाई उरेपर्यंत आटवायचा, मग साखर. पाक दाणेदार व्हायला लागला की विस्तव ओढून घ्यायचा, पण झारा थांबवायचा नाही. थांबला की खडे! यंत्रावर घोटलेल्या कल्पाला हा दाणा येत नाही. पटत नसेल तर दोन्ही दुधात घालून बघा.

भांडवल मामांचं, भट्टी माझी. बरी वर्षं गेली, त्यांचं काय सांगायचं.

२०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी असा काढा सुचवला आणि चक्की असलेला प्रत्येकजण काढेवाला झाला. आमच्याच पेठेतल्या एकाने अर्धवट वाळलेलं आलं सुंठ म्हणून दळलं, पाकिटावर रोग बरे होण्याचे दावे छापले आणि निम्म्या भावात माल उतरवला. सरकारी तपासणीवाल्यांनी नमुने मात्र उचलले आमचे. एका कार्यालयात म्हणायचे, हे औषध आहे, १९४० च्या कायद्याखाली परवाना आणा. दुसरीकडे म्हणायचे, साखर घातलीय म्हणजे अन्नच. या टोलवाटोलवीत दुकानदारांनी माल परत धाडला, बँकेचे हप्ते थकले. कामगारांचे पगार मामांनी स्वतःची मुदतठेव मोडून केले. हे मी विसरणार नाही, आणि तो नमुन्यांचा प्रकारही नाही.

त्या दिवसांत एका वैद्यबाईंची मागणी कधी चुकली नाही. त्यांच्या बाळंतिणींना आमचाच कल्प लागतो. पैसे आगाऊ पाठवायच्या, वर म्हणायच्या, "कागद येतील हो, तुम्ही दाणा सांभाळा."

मे २०२२ मध्ये आयुर्वेद आहाराचे, म्हणजे आयुर्वेदाच्या ग्रंथांतल्या कृतीने केलेल्या खाद्यपदार्थांचे, नियम निघाले. कृती नियमांच्या परिशिष्टात दिलेल्या ग्रंथांप्रमाणे हवी, वरून जीवनसत्त्वं-खनिजं घालायची नाहीत, दोन वर्षांखालच्या बाळांसाठी विकायचं नाही. आम्ही वरून काही घालतच नव्हतो.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनो, आपला माल कोणत्या परवान्यात बसतो ते लेखी घ्या, तोंडी उत्तरावर भट्टी पेटवू नका. प्रत्येक खेपेची शिसं-पाऱ्याची तपासणी करा, लॉट नंबर पोत्यावरच लिहा. अश्वगंधेत पाला मिसळलेला असेल तर पोतं परत करा; पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयाने २०२१ सालीच सांगितलंय.

माल परत धाडणारे दुकानदार आता पुन्हा मागणी करतात. त्यांना देतो, पण रोखीने.