वेळासची टोपली

मार्चमध्ये लेकीला घेऊन वेळासला जाऊन आले. जाताना मन जरा खचलेलंच होतं, रोज मोबाईल उघडला की कुठे पूर, कुठे वणवा, कुठे डोंगर पोखरलेला, आणि आपण घरी ओला-सुका कचरा वेगळा करतो, पिशवी घेऊन बाजारात जातो, त्यानं असा काय फरक पडणार हेच सारखं डोक्यात.

वेळास म्हणजे मंडणगड तालुक्यातलं छोटंसं गाव, नाना फडणवीसांचं. थंडीत इथे ऑलिव्ह रिडले कासवं रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात आणि पूर्वी ती अंडी सर्रास पळवली जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची मंडळी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी किनारे फिरत होती, त्यांना वाळूत कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून ही अंडी वाचवायचं काम सुरू झालं. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावातल्याच लोकांना सोबत घेतलं, मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

काम काय, तर पहाटे किनारा पायी चालायचा, मादीचा माग शोधायचा, खड्डा उकरून शंभरेक अंडी हातानं अलगद काढायची आणि कुंपणाच्या आत तेवढाच खोल, तळाशी मडक्यासारखा फुगीर खड्डा करून पुन्हा पुरायची. मग पन्नासेक दिवस वाट बघायची. हे दर सीझनला, इतकी वर्षं.

आम्ही सकाळी साडेसहाला पोचलो. हे काम करणाऱ्या कासवमित्र दादांनी खड्ड्यावरची टोपली उचलली आणि खाली सात पिल्लं, काळसर, तळहातात मावतील एवढी, डोळ्यांवर वाळू चिकटलेली. त्यांना पाण्यात नाही सोडत, थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात, चालत त्यांनीच जायचं. एक पिल्लू लाटेनं उलटं होऊन मागे आलं, लेकीनं माझा हात घट्ट धरला, ते पाय मारत मारत सरळ झालं आणि परत निघालं, मला तर रडूच आलं.

मी दादांना विचारलं, "हजारात एखादंच जगतं म्हणतात ना हो?"

"हो ताई. पण अंडी चोरीला गेली तर तेही नाही."

वाळू जास्त तापली की पिल्लं जास्त करून माद्याच निघतात आणि फारच तापली तर अंडी खराब होतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे ज्या बातम्यांनी माझी झोप उडते ते संकट त्यांच्या खड्ड्यापर्यंत आलेलंच आहे, त्यांना ते माझ्यापेक्षा नीट माहितीय, आणि तरी उद्या पहाटे ते किनाऱ्यावर असणार आहेत. मला घरी बसून वाटणारी निराशा त्या क्षणी खूप लांबची वाटली.

सातवं पिल्लू पाण्यात गेल्यावर लोक फोटो बघत पांगले. दादा कुंपणात जाऊन टोपली परत खड्ड्यावर ठेवत होते, लेक धावत गेली आणि तिनं दुसरी बाजू धरली. संध्याकाळी सहाला पुन्हा उचलायची होती.