सध्या काय वाचायलो : श्रावण ते भाद्रपद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, तिसऱ्यांदा हातात घेतलंय. या वेळी सुटलं नाही. त्यातला एकांक हा भाग झाला, पूर्वार्ध निम्म्याच्या पुढं आलाय.

आधी दोनदा का अडलो, ते आता कळलं. मी ते कादंबरीसारखं वाचत होतो, डोळ्यांनी पळत. 13व्या शतकातली मराठी अशी पळत वाचता येत नाही. ‘बीजें केलें’ दिसलं की मी शब्दार्थाचं पान शोधायचो, आणि परत येईपर्यंत लीळेचा, म्हणजे त्या प्रसंगाचा, धागा हातातून गेलेला असायचा. आषाढात एका संध्याकाळी आईजवळ बसून एक लीळा सहज मोठ्यानं वाचली. मी अडलो, तर आई वाती वळता वळता म्हणाली, “आले म्हनायलेत की त्ये. वाच फुडं.” पोथ्या ऐकून तयार झालेला कान आहे तिचा. शब्द सुटा माहीत नसला तरी वाक्याच्या चालीवरून तिला अर्थ लागतो.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी दोन लीळा, मोठ्यानं. काही तर चार-पाच ओळींच्याच असतात. म्हाइंभटांनी जमवलेल्या या आठवणींत आपला मुलूख जागोजागी भेटतो. प्रतिष्ठान म्हणजे पैठण, एळापूर म्हणजे वेरूळ. वेरूळची लेणी मी शाळेच्या सहलीत पाहिली होती. स्वामी तिथं दहा महिने राहिले, हे वाचल्यावर पुन्हा जाऊन यावंसं वाटायलंय.

श्रावणात नोंदी तुटक झाल्या, कारण रात्री मंदिरात हरिविजय, ही कृष्णकथेची पोथी, लागला होता. श्रीधरांचे 36 अध्याय आणि श्रावणाचे तीस दिवस, म्हणजे सहा रात्री दोन-दोन अध्याय घ्यावेच लागतात. आमच्याकडं एक जण ओवी वाचतो, दुसरा बोलीत अर्थ सांगतो. या वर्षी वाचणाऱ्या काकांचा घसा बसला आणि अकरा अध्याय माझ्याकडं आले. पहिल्या रात्री मी प्रत्येक चरणाला थांबत होतो, त्यामुळं अर्थ सांगणाऱ्याला धड शिरायला जागाच मिळेना. काकांनी दुसऱ्या दिवशी घरी बोलावून समजावलं : पहिले तीन चरण यमकाच्या ओढीनं जाऊ द्यायचे, श्वास चौथ्याच्या आधी घ्यायचा, कारण चौथा चरण आखूड आणि मोकळा असतो. एवढ्या एका गोष्टीनं माझं वाचन बदललं. ज्यांना जुनं काव्य जड जातं, त्यांनी हे आठ दिवस करून पाहावंच.

दुपारच्या वाचनात रा. रं. बोराडे सरांची ‘पाचोळा’ झाली. 1971ची कादंबरी, मी कॉलेजात एका बैठकीत संपवली होती. आता आई आणि मावशीला वाचून दाखवली, बारा दुपारी लागल्या. शिंप्याच्या घराची ही गोष्ट त्याची बायको पारबती आपल्या बोलीत सांगते. मावशीनं मला पहिल्याच पानावर थांबवलं. “तू मास्तरावानी वाचायलास. ती बाई आसं बोलंल व्हय?” खरं होतं. मी तिच्या वाक्यांना प्रमाणभाषेचा हेल देत होतो. पुढं-पुढं मावशीच्या बोलण्याचा ठेका मनात धरून वाचत गेलो. शेवटच्या दुपारी दोघींपैकी कुणी बोललं नाही. चहा तसाच थंड झाला.

सगळंच मोठ्यानं वाचावं, असं मात्र नाही. नरहर कुरुंदकर गुरुजींचा ‘जागर’ हा लेखसंग्रह पेन्सिल घेऊन, एकट्यानं, पहाटेच वाचावा लागतो. त्यांचा युक्तिवाद इतका सफाईनं पुढं जातो की मान डोलावत तीन पानं उलटली जातात. मग मागं येऊन कुठं आपण थांबून विचारायला हवं होतं, ते शोधायचं. महिन्यात तीनच लेख झाले. घाई नाही.

आसपासचे लोक कसं वाचतात, तेही टिपून ठेवतोय. मावसभावाच्या शेताला वीज रात्रीची, म्हणून मोटार सुरू करून तो बांधावर कानात कादंबऱ्या ऐकतो. दोन महिन्यांत सात झाल्या, माझ्यापेक्षा जास्त. त्याला वाचक न म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. भाची अभ्यासिकेत दिवसभर परीक्षेची पुस्तकं वाचते आणि झोपताना फक्त दोन कविता. शेजारचे निवृत्त गुरुजी नवीन काही घेतच नाहीत, दरवर्षी ज्ञानेश्वरी पहिल्या ओवीपासून.

दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागली की माझं वाचन निम्म्यावर येईल. त्याआधी पूर्वार्ध संपवायचा आहे. सध्या स्वामींची शिष्या महदाइसा हिचे प्रश्न असलेल्या लीळा चालू आहेत. ती पुसतच राहते आणि स्वामी तिच्या पुसण्याचं कौतुक करतात. आईला ती फार आवडली आहे. काल वाचन संपल्यावर तिनं विचारलं, “आन् उद्या काय इचारती ती?” मी सांगितलं नाही. आज सकाळी पुस्तक उघडलं, तर पुढच्या दोन लीळांवर तिनं वातीचा कापूस खूण म्हणून घालून ठेवला होता.