सुकाणूचं दान

दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) संस्काराआधी कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात पवित्र आत्म्याची सात दानं आम्ही पाढ्यासारखी घोकली होती. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या ११व्या अध्यायातली. पुढे कळलं, मूळ हिब्रूत ती सहाच आहेत. 'भक्ती' ग्रीक भाषांतरात वाढली. म्हणजे भाषांतरकारांनी एक दान पदरचं घातलं!

प्रेषित पौलाने पत्रांत सांगितलेली कृपादानं (आत्म्याने दिलेल्या देणग्या) वेगळी. रोग बरे करणं, संदेश देणं, अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषा बोलणं. गेल्या महिन्यात मालाडला एका प्रार्थनासभेला गेले होते. सगळ्यांचे हात वर, अन्य भाषांचा नुसता कल्लोळ. शेजारच्या आंटी म्हणाल्या, "तोंड उघड बाय, शब्द आत्मा देईल." मी उघडलं. जांभई आली. (दिवसभर ऑफिसात बसून गेलेली मी, त्यात आत्म्याचा काय दोष?) खरं तर पौलाने बजावलंय: दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावं, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं.

मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला परतताना मोबाइलवर पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं. १२व्या अध्यायाचं २८वं वचन. यादीत अन्य भाषांच्या आधी 'व्यवस्था पाहणारे' आहेत. मी ते नेहमी मंडप, खुर्च्या, हॉलचं भाडं असंच वाचत आले. पण ग्रीक शब्द आहे 'कुबेर्नेसिस', म्हणजे जहाज हाकणं. सुकाणू धरणं. 'व्यवस्था'त समुद्र कुठे दिसतो? इथे भाषांतराने आमच्याच घरातलं दान पुसून टाकलं.

बाबा चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान होते. भरती उधाणाची की भांगाची, म्हणजे मोठी की लहान, कॅलेंडर न बघता सांगायचे. खलाशांवर आवाज चढवलेला आठवत नाही. प्रार्थनेत मात्र 'आमच्या बापा' संपलं की त्यांना पुढे शब्द सुचत नाही.

रात्री जेवताना त्यांना हे सांगितलं. प्रेषितांच्या कृत्यांतल्या २७व्या अध्यायाची गोष्टही सांगितली, कारण तिथे तांडेलाला शब्द तोच आहे, 'कुबेर्नेतेस'. कैदी पौलाला रोमला नेणाऱ्या शताधिपतीने (रोमी अधिकाऱ्याने) पौलाचा 'पुढे जाऊ नका' हा सल्ला सोडून तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं ऐकलं, जहाज माल्टाला फुटलं, २७६ माणसं कशीबशी किनाऱ्याला लागली.

"महिना कुठला?" बाबांनी विचारलं.

"यहुद्यांचा उपासाचा दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबरातला, उलटून गेला होता. हिवाळा तोंडावर."

"आम्ही जून-जुलै बोटी वर ओढून ठेवतो," ते म्हणाले आणि भात कालवू लागले. मग जरा वेळाने, "मालकाने घाई केली असणार."