तुम्ही विचारलेत म्हणून : डोंगरावरचे पंखे खुपतात का?

शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या वारणेकाठच्या गावी पाहुणे आले आणि पाऊस सरून आभाळ मोकळे झालेले असले, की वरच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, गेल्यावर त्यांना नदीपलीकडच्या माथ्यावर पांढऱ्या पवनचक्क्यांची ओळ दिसते आणि ठरलेला प्रश्न येतो : "एवढ्या सुंदर डोंगरावर हे पंखे उभे केलेले तुम्हाला खुपत नाहीत का?" विचारणाऱ्याला बहुधा 'हो' एवढेच उत्तर हवे असते. आजवर मी दोन वाक्ये बोलून वेळ मारून नेत आलो, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी हे सांगितले पाहिजे की ते पंखे आमचे नाहीत. वारणा ही कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द आहे, आणि गुढे-पाचगणीचे पठार पलीकडे, शिराळा तालुक्यात येते. जमिनीचे पैसे, राखणदाराची नोकरी, माथ्यापर्यंतचा रस्ता हे सारे त्यांच्याकडे गेले. आमच्या वाट्याला आले ते केवळ दृश्य. तेव्हा बांधावर बसून मत देणारा म्हणून कोणी मला हसले तर माझी तक्रार नाही. मात्र माझी आत्या त्याच डोंगराच्या पायथ्याशी दिलेली असल्याने लहानपणापासून तिकडे जाणेयेणे आहे, आणि या विषयावर आमच्या घरात आजतागायत एकमत झालेले नाही.

तो माथा म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. माती जेमतेम वीतभर, पुष्कळ ठिकाणी तीही नाही. श्रावण-भाद्रपदात त्यावर सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात. एरवी तिथे वाळके गवत, चार गुरे आणि माणसाला उभे राहू न देणारा वारा. अशा जमिनीला कोणी विचारत नव्हते, त्यामुळे दलाल दारात आला तेव्हा आत्याच्या भावकीला घबाड मिळाल्यासारखे वाटले. सामाईक खात्यावरच्या, मुंबईत गिरणीकामाला गेलेल्या चुलत्यांच्याही सह्या त्याने गोळा केल्या. आलेल्या पैशात एका घरचे लग्न उरकले, दुसऱ्या घराची कौले उतरून स्लॅब पडला. खरेदीखतात वाऱ्याचा उल्लेख नव्हता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यापासून मिळू शकणारी शक्ती आठपट होते, म्हणजे ज्या कारणासाठी गावाने त्या जागेला पिढ्यान्‌पिढ्या नावे ठेवली, त्याच कारणासाठी ती मोलाची होती, हे विकणाऱ्यांना कोणी सांगितले नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची लाट आली, त्या काळात यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी आयकरात शंभर टक्के घसारा मिळत असे, म्हणजे सगळी किंमत त्याच वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येई. पैसे गुंतवणाऱ्या अनेकांना विजेइतकाच करबचतीत रस होता, हेही आम्हाला फार उशिरा कळले. पंख्यांकडे पाहून माझ्या मनात जो कडवटपणा येतो, तो बराचसा या व्यवहाराचा आहे.

हे पंखे ढग पळवून लावतात, असे २००३ च्या दुष्काळात आमच्या भागात ठामपणे बोलले जाई. मला ते कधीच पटले नाही, कारण पाऊस देणारे ढग पात्यांच्या कितीतरी वर असतात, आणि पावसाळ्यात तो माथा पंख्यांसकट धुक्यात बुडून दिवसदिवस झोडपला जातो. पण ज्याला विश्वासात घेतले नाही, वाटाही दिला नाही, त्याने अशा गोष्टीवर विश्वास ठेवला तर त्याला अडाणी म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

खरी हानी पात्यांपेक्षा रस्त्याने केली. एकेक पाते दोन-तीन एसट्या एकामागे एक लावाव्यात एवढे लांब. ट्रेलर वळणावर अडला की आंब्याच्या फांद्या तोडायच्या, विजेच्या तारा सोडवायच्या, आणि तरीही जमले नाही की कोणाचा तरी बांध फोडायचा. आत्याच्या अंगणाचा कोपरा असाच गेला (त्याची भरपाई मिळाली, हेही नमूद केले पाहिजे). डोंगर कापून मुरूम टाकला, पण कडेला चर काढली नाही, त्यामुळे पहिल्याच पावसात तांबडा गाळ खाली उतरून भाताचा तरवा (लावणीची रोपे) बुडाला. आणि तरीही आत्या म्हणते, "रस्ता आला न्हवं, मग बास झालं." वरच्या धनगरवाड्यातली अडलेली बाळंतीण पूर्वी झोळीत घालून खाली आणावी लागे, आता जीप दारापर्यंत जाते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माझा धाकटा भाऊ मात्र आत्याचे ऐकून घेत नाही. उसाला पाणी पाजण्यासाठी थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते, तेव्हा त्याला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावे लागते, आणि चांदोलीच्या जंगलातून उतरलेले गवे त्याच पाणंदीत उभे असतात. पंख्यांची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वीजजाळ्यात जाते, पंख्याखालच्या गावाला वेगळी मिळत नाही, हे त्याला ठाऊक आहे. शिवाय हे पंखे सर्वांत जोरात फिरतात ते जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमके मोटारी बंद असतात तेव्हा. उन्हाळ्यात पाण्यासाठी जीव टांगणीला लागतो, तेव्हा त्यांतले बरेच नुसते उभे असतात.

आता त्या पहिल्या पिढीच्या यंत्रांचे आयुष्य सरत आले आहे, आणि केंद्राच्या २०२३ च्या धोरणात जुनी लहान यंत्रे काढून त्यांच्या जागी मोठी बसवण्याची तरतूद आहे. तसे झाले तर माथ्यावरची गर्दी विरळ होईल, पण पुन्हा त्याहून लांब पाती त्याच रस्त्याने चढतील, आणि जुन्या पायांचे काँक्रीट काढले तरी त्या जागी वीतभर माती पुन्हा जमायला किती पिढ्या जातील, कोणास ठाऊक. उद्या आमच्या बाजूच्या सड्यासाठी कोणी विचारणा केली तर मी सरसकट नकार देणार नाही. मात्र खरेदीखत नको, भाडेपट्टा हवा, फुलांचा पट्टा सोडून जागा धरावी आणि रस्त्याआधी चर काढावी, एवढे मी लिहून घेईन. भावाला एकही पंखा नको आहे, आणि सातबाऱ्यावर त्याचेही नाव आहे.