हेन्स्लोबरोबर चालणारा

लंडनच्या ब्रॉमली भागातून आलेल्या बसने डाऊन गावात सोडलं. तिथून अरुंद रस्त्याने थोडं चाललं की चार्ल्स डार्विनचं घर लागतं. आत त्याची अभ्यासाची खोली आहे, चाकं लावलेली खुर्ची आहे. सगळं मन लावून पाहिलं, पण माझा जीव घरामागच्या पायवाटेत अडकला होता.

हिरवळीवर जात्याच्या तळीसारखा एक गोल दगड दिसतो. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात, तसतसा दगड खाली जातो. किती जातो, ते इथे अशाच दगडावर मोजलं होतं. वर्षाला जेमतेम दोन मिलिमीटर! मी खाली बसून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. गार होती.

पुढे सँडवॉक. डार्विन १८४२ मध्ये इथे राहायला आला. १८४६ मध्ये त्याने शेजारची पट्टी भाड्याने घेतली, झाडं लावली आणि भोवतीने ही पायवाट केली. १८८२ मध्ये तो गेला, तोवर त्याच्या फेऱ्या इथेच. वळणावर गारगोट्यांचा छोटा ढीग असे. फेरी झाली की एक गारगोटी पायाने बाजूला सारायची. पाच वर्षं बीगल जहाजावरून जगभर फिरलेला माणूस पुढे चाळीस वर्षं एवढ्याशा वाटेवर रमला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चालता चालता विचार करायची गोडी त्याला हेन्स्लोंनी लावली असावी, असं माझ्या मनाने घेतलंय. केंब्रिजमधले हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. दोघं इतके बरोबर फिरत, की काही जण डार्विनला ‘हेन्स्लोबरोबर चालणारा’ म्हणूनच ओळखत. बीगलसाठी त्याचं नाव सुचवलं तेही हेन्स्लोंनीच.

माझ्याही एक बाई होत्या. शाळा सुटली की आमची वाट एकच. त्या झरझर चालायच्या, मी मागून जवळजवळ पळायचे. काही विचारलं तर लगेच उत्तर नाही. ‘त्या वळणापर्यंत तूच विचार कर गं,’ म्हणायच्या. वळणावर थांबायच्या आणि माझं अर्धंकच्चं उत्तरही शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. मधे एकदाही तोडायच्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा मी लांब होते. शेवटची भेट राहिली ती राहिलीच.

सँडवॉकचं वळण आलं, तशी मी आपोआप थांबले. एका बाजूला झाडांची गर्द सावली, दुसरीकडे उघडं शेत. बराच वेळ तिथेच उभी राहिले.

मग दुसरी फेरी घेतली. बाईंच्या चालीने, झरझर.