डाव हरलात? इंजिन थोडं थांबू द्या

बुद्धिबळाचा सामना संपवून दादरला विरार लोकल पकडली, की पहिला हात जातो फोनवरच्या इंजिनकडे, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रामकडे. डाव तिथेच वाया जातो. कुठली चाल चुकली ते इंजिन सांगेल, पण ती खेळताना काय हिशेब केला होता ते रात्रीपर्यंत आपणच विसरलेलो असतो.

आधी स्कोअरशीटचा (चाली लिहिलेल्या कागदाचा) फोटो काढा. जुलैत खिशातल्या कार्बन कॉपीचा घरी पोचेस्तोवर लगदा होतो. चालींशेजारी घड्याळातली उरलेली वेळ लिहिली असेल (नियमाने तेवढी मुभा आहे) तर फारच उत्तम. घोडचूक अठराव्या चालीला दिसते, पण बाराव्या चालीवर वीस मिनिटं घालवली असतील तर आधी तिथे बघा.

मग पट मांडून डाव हाताने खेळा. चाली जुळेनाशा झाल्या, तर बहुतेकदा नुसतं ‘घोडा डी२’ (घोडा डी२ या घरात) लिहिलेलं असतं आणि बी१ व एफ३ वरचे दोन्ही घोडे तिथे जाऊ शकतात. नाहीतर एखादी चाल लिहायची राहून काळ्याच्या चाली पांढऱ्याच्या रकान्यात सरकलेल्या असतात. अशा वेळी शेवटच्या स्थितीपासून उलटं यावं. पटावर सुचलेल्या चाली पेन्सिलीने लिहून झाल्या की मगच इंजिन. चौदाशे-पंधराशे रेटिंगच्या डावात इंजिनने दाखवलेले अर्ध्या प्याद्याच्या किमतीच्या आतले फरक खुशाल सोडून द्या.

हा नेहमीचा सापळा पाहा (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; नुसतं घर लिहिलं की ती प्याद्याची): १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ डी६ ४. घोडा सी३ उंट जी४. आता पांढरा वजिरावर पाणी सोडून ५. घोडा ई५ वर मारतो. काळ्याने हावरटपणे वजीर घेतला तर उंट एफ७ शह, राजा ई७, घोडा डी५ मात! पण काळा शांतपणे घोड्याने ई५ वर मारतो. त्याच घोड्याचा जी४ वरच्या उंटाला जोर (संरक्षण) मिळतो आणि पांढऱ्याचा घोडा एका प्याद्यात गेलेला असतो.

आधी ५. एच३ उंट एच५ झालं असतं, तर हीच चाल बरोबर होती. ६. घोडा ई५ वर मारतो, घोडा घोड्याला मारतो, ७. वजीर एच५ चा उंट घेतो (ई५ वरून एच५ ला जोर नाही), घोडा सी४ चा उंट घेतो, ८. वजीर बी५ शह, आणि तो घोडाही पडतो. पांढऱ्याला एक प्यादं जास्त.

इंजिन फक्त पाचव्या चालीवर लाल खूण करतं. वहीत लिहायचं ते असं: ‘जी४ च्या उंटाला कुणाचा जोर येईल, ते पाहिलं नाही.’